उजळाईवाडी ते सॅन फ्रान्सिस्को: किलोमीटर किती आणि तास किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ऑगस्टमध्ये एमएस करायला सॅन फ्रान्सिस्कोकडं चाललीय. वडिलांनी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापास्नं तिथपर्यंतचं अंतर मोबाईलवर मोजलं, ते १३,७०० किलोमीटरच्या आसपास आलं, विमान ताशी ९०० नं पळतंय असं धरून भागलं तर सव्वापंधरा तास आले. एजंट मात्र २५ तास, २९ तास असली तिकिटं दाखवतोय, त्यात येतानाच्या तिकिटावर तारीख दोन दिवस पुढची. मग चुकतंय कोण, मोबाईल का एजंट?

कोणच चुकत नाही साहेब. तुमचं गणित पण बरोबर आहे, फक्त तुम्ही दोन वेगळ्या प्रश्नांना एकच प्रश्न समजलाय. अंतर हा भूमितीचा विषय आहे, तो एकदा सोडवला की आयुष्यभर तेच उत्तर. वेळ मात्र वाऱ्यावर, ट्रॅफिकवर आणि कुठल्या देशाचं कुठल्या देशाशी बिनसलंय ह्यावर ठरते, आणि ती रोज बदलते. मी मुंबईत सव्वीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काढली, म्हणजे विमान उडायच्या आधी त्याचा रूट, इंधन, वेळ हे सगळं कागदावर काढून पायलटच्या हातात देणारा माणूस. आता गावी येऊन निवांत आहे, त्यामुळं जरा पाल्हाळ लावतो, वाईट वाटून घेऊ नका.

आधी अंतर. तुमच्याकडं फुटबॉल असणारच, कोल्हापुरात फुटबॉल नसलेलं घर शोधायला लागतंय. त्या फुटबॉलवर दोन ठिपके काढा, एक भारताच्या जागी, एक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या जागी, आणि दोन ठिपक्यांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा जिथनं गेला तो सगळ्यात जवळचा रस्ता, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. आता हाच चेंडू फाडून पाटावर सपाट पसरला (नकाशात तेच केलेलं असतंय) तर तो दोरा वाकडा दिसणार. म्हणून विमानातल्या सीटसमोरच्या स्क्रीनवर रेघ कमानीसारखी वर वाकलेली दिसते आणि लोकांना वाटतं पायलट उगंच फिरवून नेतोय. उलटं आहे, ती कमानच सरळ आहे. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सपाट नकाशावर पट्टी ठेवून पॅसिफिकवरनं रेघ मारली आणि तशी एकाच दिशेनं नाक धरून गेला तर १६ हजार किलोमीटरच्या वर जातंय, आणि दोऱ्याचं अंतर भरतंय १३,५००.

आणि दिशा बघा गंमत. सॅन फ्रान्सिस्को कुठल्या बाजूला विचारलं तर दहापैकी नऊ माणसं पश्चिमेला हात करतील, एखादा पूर्वेला करेल. खरं उत्तर उत्तर! मुंबईतनं निघताना नाक उत्तरेला आणि जेमतेम १४ अंश पूर्वेला झुकलेलं, म्हणजे जयपूरच्या अंगानं वर, हिमालय, मध्य आशिया, सायबेरिया, मग ७६-७७ अक्षांशापर्यंत वर चढून आर्क्टिक, आणि तिथनं अलास्का-कॅनडावरनं खाली. ही कागदावरची रेघ झाली, विमान नेमकं असं जात नाही, ते पुढं सांगतो.

हे अंतर स्वतः काढायचं असेल तर दहावीची त्रिकोणमिती पुरते. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा, मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन अशा तिघांचा गुणाकार करायचा, दोन्हीची बेरीज, आणि त्या बेरजेचा उलटा कोसाइन. उत्तर येतं अंशात. मुंबई-लंडन करून दाखवतो. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. हिथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम. रेखांशाचा फरक ७३.३३. पहिला गुणाकार ०.२५५८, दुसरा ०.१६८९, बेरीज ०.४२४७, उलटा कोसाइन ६४.८७ अंश. आता ह्याला ६० नं गुणा, ३,८९२ आलं, हे झाले नॉटिकल मैल, कारण पृथ्वीवरचं एक मिनिट (घड्याळाचं नाही, अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक नॉटिकल मैल अशीच ती व्याख्या निघाली. त्याला १.८५२ नं गुणा, झाले ७,२०८ किलोमीटर. संपलं. विमानवाले अजून नॉटिकल मैल का धरून बसलेत हे एकदा असं हातानं केलं की कळतंय.

ह्यात लोक चुकतात ते गणितात नाही, आकडे टाकताना. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे अंश-मिनिटं-सेकंद हे दशांश समजून टाकणं. उजळाईवाडीचा अक्षांश १६ अंश ३९ मिनिटं ५३ सेकंद. हे दशांशात १६.६६४७ होतंय, कारण ३९ ला ६० नं भागायचं आणि ५३ ला ३६०० नं. माझ्याकडं शिकायला आलेल्या एका पोरानं सरळ १६.३९५३ टाकलं, विमानतळ तीस किलोमीटर दक्षिणेला सरकला, म्हणजे पार निपाणीच्या बाजूला. मी म्हटलं आधीच सीमाप्रश्न आहे त्यात तू अजून भर घाल. दुसरी चूक, पश्चिम रेखांशाला वजा चिन्ह द्यायचं विसरणं, मग सॅन फ्रान्सिस्को चीनच्या किनाऱ्यापाशी येऊन बसतं. तिसरी, एक्सेलला कोन रेडियनमध्ये लागतो आणि आपण अंशात देतो. उत्तर भलतंच आलं की आधी ही तीन ठिकाणं तपासा.

एक शंका नेहमी येते की पृथ्वी काय अगदी गोल नाही, मग? बरोबर आहे, विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडं ६,३५७, आपण सरासरी ६,३७१ धरतो. त्यानं फार तर अर्धा टक्का फरक पडतो. १९७५ साली विन्सेंटी नावाच्या माणसानं ह्या दबलेल्या गोळ्यासाठी सूत्र दिलंय, सर्व्हेवाले ते वापरतात, आपल्याला प्रवासाचे तास काढायला त्याची गरज नाही. आणि विमान अकरा किलोमीटर उंचीवरनं जातं म्हणून अंतर वाढत असेल की, असं पण विचारतात. वाढतं, १३,५०० ला साधारण २३ किलोमीटर. विसरून जा.

जवळच्या अंतराला हे उलटा कोसाइनचं सूत्र साध्या कॅल्क्युलेटरवर जरा दगा देतंय, कारण कोसाइन एकाच्या अगदी जवळ जातो आणि शेवटचे आकडे गळतात, तिथं हॅवरसाइन सूत्र वापरतात. कोल्हापूर-मुंबई हवेतनं ३०९ किलोमीटर येतंय. रस्त्यानं पावणेचारशेच्या आसपास.

आता ह्याच कोल्हापूर-मुंबईवर मुद्दा नीट कळेल. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, साधारण ताशी ५०० नं जातंय. ३०९ भागिले ५०० म्हणजे ३७ मिनिटं. पण तिकिटावर तासाच्या वरची वेळ असते. का? एक म्हणजे तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसतेच, ती ब्लॉक टाइम असते. चाकाखालचे चॉक्स (विमान हलू नये म्हणून लावलेले ठोकळे) काढल्यापास्नं पलीकडं चाकाखाली परत चॉक्स लागेपर्यंतची. उजळाईवाडीत विमान जमिनीवरनं रनवेपर्यंत न्यायला फार वेळ लागत नाही, पण मुंबईला उतरल्यावर गेटपर्यंत जायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि उतरायच्या आधी रांगेत घिरट्या घालायला लावलं तर अजून. दुसरं म्हणजे विमान काय रस्त्यावरच्या गाडीसारखं लगेच वेग धरत नाही. दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटची (ताशी २५० नॉटिकल मैलांची) मर्यादा असते, वर चढताना वेग कमी, आणि उतरायला तर फार आधीपास्नं सुरुवात करायला लागते. आमचा तोंडी हिशोब असा की उंची जितके हजार फूट त्याला तीननं गुणा, तितके नॉटिकल मैल आधी उतरायला लागायचं. जेट ३५ हजारावर असेल तर १०५ नॉटिकल मैल, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर अलीकडनं. एटीआर सतरा हजारावर असलं तरी ५१ नॉटिकल मैल, ९५ किलोमीटर. म्हणजे कोल्हापूर-मुंबईत निम्म्याच्या वर प्रवास चढण्या-उतरण्यातच जातो, एअर होस्टेस पाणी वाटेपर्यंत उतरायची घोषणा होते ती त्यामुळंच.

म्हणून माझा घरगुती ठोकताळा असा आहे. ग्रेट सर्कल अंतर घ्या, लांबचा प्रवास असेल तर त्यात ५ टक्के मिळवा, छोटा असेल तर १० टक्के, कारण विमान सरळ दोऱ्यावरनं जात नाही, ठरलेल्या पॉइंटवरनं पॉइंटवर जातं, आणि विमानतळाजवळ रनवेच्या दिशेला वळायला लागतं. त्याला वेगानं भागा, एटीआर ४८०, एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ ला ८३०, मोठ्या बोइंग ७७७ किंवा ड्रीमलायनरला ९००. आलेल्या उत्तरात छोट्या विमानाला २५ मिनिटं आणि मोठ्याला ४० मिनिटं टाका. कोल्हापूर-मुंबई करून बघा, ३४० भागिले ४८० म्हणजे ४२ मिनिटं, अधिक २५, एक तास सात मिनिटं. जुळलं. मुंबई-लंडन, ७,५७० भागिले ९००, आठ तास २५ मिनिटं, अधिक ४०, नऊ तास पाच मिनिटं. आणि खरं तिकीट बघितलं तर जाताना साडेनऊ-दहा तास असतात, येताना नऊच्या आसपास. हा जो उरलेला फरक आहे ना तोच सगळ्यात मजेशीर भाग, वारा.

ह्या ९०० च्या आकड्याबद्दल थोडं. विमानाचा वेग आवाजाच्या वेगाच्या तुलनेत मोजतात, ड्रीमलायनर ०.८५ माकनं जातं. वर उणे ५६ अंश थंडीत आवाजाचाच वेग ताशी १,०६० किलोमीटरपर्यंत उतरलेला असतो, त्याच्या ०.८५ म्हणजे ९०० आले. पण हा वेग हवेच्या मानानं आहे, जमिनीच्या मानानं नाही, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. पंचगंगेला पूर आल्यावर नाव घाटाकडनं खाली सोडली तर वल्ही न मारता पळते आणि उलटी आणायची म्हटलं तर घाम निघतो, तसंच हे. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं वाऱ्याची नदी वाहते, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात ती उत्तर भारतावरनं जाते आणि ताशी १५०-२०० किलोमीटरचा वारा ही तिथं नेहमीची गोष्ट आहे, उन्हाळा-पावसाळ्यात ती उत्तरेला सरकते आणि तिचा जोर कमी होतो. त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेला जायला जास्त वेळ, ऑगस्टमध्ये फरक कमी.

ह्याची ताकद किती ते सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीच्या मानानं वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. लोकांना वाटलं आवाजाचा वेग ओलांडला. नाही ओलांडला, हवेच्या मानानं ते रोजच्याच वेगानं चाललं होतं, हवाच पळत होती.

आणि इथं लोक हमखास फसतात, की जाताना वारा समोरनं आणि येताना पाठीशी म्हणजे फिट्टंफाट. होत नाही फिट्टंफाट! ७,२०० किलोमीटर, वेग ९००, वारा १००. जाताना ८०० नं नऊ तास. येताना हजारानं सात तास बारा मिनिटं. बेरीज सोळा तास बारा मिनिटं, आणि वाराच नसता तर सोळा. कारण साधं आहे, समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ काढता, म्हणजे तोटा जास्त वेळ सोसता.

दुसरी एक शंका, पृथ्वी पश्चिमेकडनं पूर्वेकडं फिरते म्हणून पश्चिमेला जाताना गाव आपोआप जवळ यायला पाहिजे. हे मला लग्नात, बारशात, सगळीकडं विचारलंय. महालक्ष्मी एक्सप्रेसच्या डब्यात माशी उडते, ती काय डब्याच्या मागच्या भिंतीवर जाऊन आपटत नाही, कारण डब्यातली हवा गाडीबरोबरच चाललेली असते. पृथ्वीची हवा पण पृथ्वीबरोबर फिरते. विषय संपला.

आता तुमच्या मुलीच्या रस्त्याशी थेट संबंध असलेलं उदाहरण. एअर इंडियाची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट फ्लाइट आधी युरोप-अटलांटिकच्या बाजूनं जायची, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ती उलट्या बाजूनं, पॅसिफिकवरनं न्यायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा कमी! कारण पूर्ण रस्ता वारा पाठीशी. तुमच्या भागाकारानं हे कधीच आलं नसतं. आम्ही डिस्पॅचर लोक किलोमीटर बघतच नाही खरं तर, आम्ही बघतो हवेतनं किती अंतर कापायला लागणार ते. लंडन आणि वॉशिंग्टन नावाची जगाच्या हवाई हवामानाची दोन केंद्रं आहेत, तिथनं वेगवेगळ्या उंचीवरच्या वाऱ्याचे अंदाज येतात, ते कॉम्प्युटरमध्ये घालून चार-पाच रस्ते काढायचे आणि त्यातला इंधनाला आणि वेळेला परवडणारा घ्यायचा. म्हणून सोमवारी अलास्कावरनं गेलेलं विमान बुधवारी जपानजवळनं जातं.

रस्ता वाकायची बाकी कारणं पण आहेत. दोऱ्याची रेघ हिमालयावरनं जाते म्हटलं ना, तिथनं विमानं सहसा टाळतात. उंचीची भीती नाही, विमान काय एव्हरेस्टच्या वरनंच जातं. भानगड अशी की केबिनमधला दाब गेला तर प्रवाशांच्या डोक्यावर पडणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन थोड्या मिनिटांचाच असतो, तेवढ्यात दहा हजार फुटांवर यायला लागतं, आणि हिमालय-तिबेटच्या बाजूला जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे. उतरणार कुठं? मग हद्दी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै बंद होती. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानाला मग खाली गुजरातकडं येऊन अरबी समुद्रावरनं वळसा. मुंबईहून निघणाऱ्याला हा फटका कमी बसतो. २०२२ पास्नं युक्रेनच्या युद्धामुळं युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरनं जाता येत नाही. म्हणजे त्याच दोन गावांमध्ये, त्याच दिवशी, दोन कंपन्यांच्या विमानांना वेगवेगळा वेळ लागतो, विमान सारखंच असलं तरी. नकाशावर देश दिसतात, भांडणं दिसत नाहीत.

आणि कंपन्या पण शहाण्या असतात. टाइमटेबल वर्षातनं दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि प्रत्येक मोसमाला आधीच्या वर्षांचा अनुभव बघून ब्लॉक टाइम टाकतात, त्यात थोडं पाणी घालूनच. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत गेटला लागलं तर ते वेळेवरच धरतात. त्यामुळं पायलट उतरल्यावर अभिमानानं सांगतो की आपण वीस मिनिटं लवकर आलोय, तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी हे आठवा.

आता घड्याळाचा घोळ. तिकिटावर सुटायची वेळ तिथल्या घड्याळानं आणि पोचायची वेळ पलीकडच्या घड्याळानं, त्यामुळं त्यांची वजाबाकी करायचीच नाही. दोन्ही वेळा ग्रीनिचच्या करून घ्यायच्या, आम्ही त्याला झुलू टाइम म्हणतो. भारतातल्या वेळेतनं साडेपाच तास वजा केले की झुलू. समजा मुंबई दुपारी १:३० ला सोडली, झुलू ८:००. लंडनला संध्याकाळी ६:३० ला पोचली, उन्हाळ्यात लंडन झुलूच्या एक तास पुढं, म्हणजे १७:३०. प्रवास साडेनऊ तास. तिकिटावर नुसतं बघितलं तर पाचच तास दिसतात आणि माणूस खुश होतो. येताना लंडन रात्री ८:३०, मुंबई दुसऱ्या दिवशी सकाळी १०:००, दिसायला साडेतेरा तास, खरे नऊ.

टाइमझोन माहीतच नसेल तर एक युक्ती सांगतो, ही मी स्वतः कायम वापरतो. जातानाचे दिसणारे तास आणि येतानाचे दिसणारे तास ह्यांची बेरीज करायची, दोघांतला टाइमझोनचा फरक एकमेकाला मारून टाकतो. वरच्या उदाहरणात ५ अधिक साडेतेरा, साडेअठरा. त्याचं निम्मं सव्वानऊ, ही सरासरी खरी वेळ. पश्चिमेला थोडं जास्त, पूर्वेला थोडं कमी, वाऱ्यामुळं. बास.

तिकडं उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं करतात हे विसरू नका. मुलगी जाईल तेव्हा सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं असेल, म्हणजे इथं सकाळचे साडेनऊ तर तिथं आदल्या रात्रीचे नऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेतेरा. तेव्हा फोनची वेळ तेवढी बदलून घ्या, नाहीतर ती कॉलेजात असताना तुम्ही जेवलीस का विचारत बसाल.

आता एजंटचे पर्याय. तुलनेला आधी मुंबईहून थेट दोऱ्याचं अंतर, १३,५००. दुबईमार्गे मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३,०४०, मिळून १४,९७०. लंडनमार्गे ७,२१० आणि ८,६२०, मिळून १५,८३०. सिंगापूरमार्गे ३,९२० आणि १३,५९०, मिळून साडेसतरा हजार. पहिल्या आणि शेवटच्या अंतरात चार हजार किलोमीटरचा फरक आहे, म्हणजे विमानात साडेचार तासांचा. पण मधल्या विमानतळावर दुबईला नऊ तास बसायला लागलं आणि सिंगापूरला दोनच, तर सिंगापूरवाली आधी पोचते. म्हणून मधे थांबा असलेल्या तिकिटात किलोमीटर बघायचेच नाहीत, थांबा बघायचा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा एकटी जाणाऱ्या पोरीला तीन-साडेतीन तासांचा थांबा चांगला, दीड तासाचा स्वस्त दिसला तरी नको. आणि पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर घ्या, कोल्हापूर-मुंबई विमानानं जाणार असाल तर ते पण जमलं तर त्यातच. वेगवेगळी तिकिटं काढली आणि धुक्यानं किंवा पावसानं उजळाईवाडीचं विमान रद्द झालं तर पुढच्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतंय. ऑगस्ट आहे, पाऊस आहे, मी असतो तर सरळ गाडीनं गेलो असतो.

लंडनमार्गे धरून घरापास्नंचा हिशोब मांडतो. कोल्हापूर-मुंबई गाडीनं नऊ तास धरा, हायवेची कामं आणि खंबाटकीत एखादा ट्रक बंद पडलेला, हे आलंच. विमानतळावर तीन तास आधी. मुंबई-लंडन दहा. थांबा तीन. लंडन-सॅन फ्रान्सिस्को अकरा. तिथं इमिग्रेशन, बॅगा, दीड तास. झाले साडेसदतीस. तुमच्या सव्वापंधराचे साडेसदतीस, आणि ह्यात कुणी फसवलं नाही. मुंबईत गाडी कुठल्या विमानतळाला लावायची ते पण तिकिटावर बघा, आता नवी मुंबईचा पण आहे, कोड वेगळा असतो.

शेवटचं, तारखा. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० लिहिलं असेल तर १४ तारखेच्या रात्री साडेनऊला तुम्ही विमानतळावर पाहिजे. माझा मावसभाऊ, चांगला इंजिनियर माणूस, सगळं खटलं घेऊन १५ च्या रात्री नऊला पोचला, डबे, दशम्या, चटणी, सगळं घेऊन. विमान वीस तासांपूर्वीच गेलं होतं. दशम्या पार्किंगमध्येच खाल्ल्या आणि परत आले. परतीला ह्याच्या उलट होतं. ती २० डिसेंबरला दुपारी चारला तिथनं निघाली तर प्रवास चोवीस तासांचाच, पण आपल्याकडं उजाडलेली असते २२ ची पहाट, साडेपाच. तेव्हा तुमची गाडी २१ ला संध्याकाळी सात-आठला कोल्हापुरातनं हलली पाहिजे, २० ला नाही आणि २२ ला तर नाहीच.